घर पसंत पडलं की इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) त्याच बैठकीत द्यावा का?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर
गेल्या महिन्यात सिडकोतलं एक रो-हाऊस आमच्या हातून गेलं. मालक ४२ लाख म्हणत होते, आम्ही ३९ वर अडलो. आईनं पहिल्याच भेटीत देवघराची जागासुद्धा ठरवली होती. तरी ‘दम धरा, मालक खाली येतील’ म्हणत आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी एजंटचा फोन आला, ४१ मध्ये इसार झाला. ४१ आम्हालाही जमत होते, म्हणून जास्त लागलं.

माझं मत आता पक्कं आहे. घर बघायला निघण्याआधी घरच्यांनी बसून शेवटचा आकडा ठरवावा, कर्जाची पूर्वमंजुरी घेऊन ठेवावी. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. ४० लाखांच्या घराला किमान ८ लाख आपले, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. हे गणित झालं असेल तर घर आवडताच बोलून मोकळं व्हावं.

परभणीकर
पूर्ण असहमत. माझ्या मेहुण्यानं असंच त्याच संध्याकाळी २ लाख इसार दिला. नंतर जुनं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद, काढलं तर जमीन देवस्थान इनामाची, देवळाला दिलेली. आज दोन वर्षं झाली, मालक म्हणतो पैसे खर्च झाले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं होता. इनामं, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या जमिनी), कुळं यांच्या नोंदी कुठं कुठं दडलेल्या असतात. वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींखालची, जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे सातबारा वाचल्याशिवाय कळणार कसं? ४१ चं घर गेलं तर दुसरं मिळेल. अडकलेले २ लाख मेहुण्याला अजून मिळाले नाहीत.

धागाकर्ता
दादा, मेहुण्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण त्यांनी कागद न बघता पैसे दिले, माझं म्हणणं ते नाही. सातबारा, मिळकत पत्रिका (शहरातल्या जागेचा सातबाराच म्हणा) ऑनलाइन निघते, इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, नोंदणी विभागाच्या साइटवर शोधता येतो. दुसऱ्यांदा घर बघायला जाण्याआधीच झेरॉक्स मागायच्या. आमचे आठ दिवस कागदांत गेलेच नाहीत, नुसत्या घासाघिशीत गेले.

लातूरची ताई
भाव वाढायलेत हे खरं, पण पाण्याचं कोणीच बोलंना. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो, हंडे भरून कंबर मोडली. मी तर सांगते, घर मे महिन्यात बघा. बोअर किती तास चालतो, टँकर कितीचा पडतो, हे मालकाला नाही, शेजारच्या बायांना विचारा. आणि घर कोणाच्या नावावर, हे आधी ठरवा. आमच्याकडं त्यावरच महिना गेला. बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, हे कळलं तेव्हा कुठं घरातले तयार झाले. एवढं झालं की मग मात्र थांबू नका.

नांदेडहून, वकिली करतो
इसार द्या, पण थोडा, चेकनं, आणि पावतीत अट लिहून: तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत) दोष निघाला किंवा बँकेनं कर्ज नाकारलं तर रक्कम इतक्या दिवसांत परत. ‘परत करू’ या तोंडी शब्दावर वर्षानुवर्षं भांडणारी माणसं माझ्याकडं येतात. नव्या प्रकल्पात बिल्डर नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याचं कलम १३. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या प्लॉटवरचं, घर असेल तर नियमितीकरणाचा कागद हातात आल्याशिवाय इसार देऊच नका. ‘फाईल टाकली आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

परभणीकर
वकीलसाहेब, अट बरोबर आहे. पण दारात तीन गिऱ्हाइकं उभी असताना कोणता मालक ती लिहून देतो? तिथं घाई करणाराच सही करून बसतो.

धागाकर्ता
नाही लिहून दिली तर मी उठेन. तोही निर्णयच, आणि तोही त्याच बैठकीत. रविवारी देवळाईत एक घर बघायचंय. मिळकत पत्रिका काल मागवली आहे, आकडा घरात ठरलाय: ४० च्या वर नाही. ताई, शेजारच्या बायांना पाण्याचं आई विचारणार आहे.

परभणीकर
वर्ग १ का वर्ग २, तेवढं बघून कळवा. मी वाट बघतो.