देवयानी: दीर्घिका, आकाशगंगा की तारकाविश्व?

रंकाळाकाठ: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तीन बाय दोन फुटांचा फलक मराठीत करतोय. पहिलं वाक्य असं केलं: 'देवयानी ही आपल्या शेजारची मोठी सर्पिल दीर्घिका, अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे.' (देवयानी म्हणजे ॲन्ड्रोमेडा, दीर्घिका म्हणजे गॅलक्सी.) तपासणाऱ्यांनी 'दीर्घिका' खोडून 'आकाशगंगा' केलं. सातवीच्या पोरांना दीर्घिका कळणार नाही म्हणे. पुढं 'फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने १७६४ साली या नेब्युलाला ३१ वा क्रमांक दिला' असं आहे. तिथं 'तेजोमेघ' चालेल का? शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

शुद्धमराठी: आकाशगंगा हे विशेषनाम. आपण जिच्यात राहतो ती एकच. जातीचं नाव दीर्घिका. 'देवयानी आकाशगंगा' म्हणजे वारणेला 'वारणा पंचगंगा' म्हणण्यासारखं. हिंदीत आकाशगंगा दोन्ही अर्थांनी चालतं आणि डब केलेल्या माहितीपटांतून ते आपल्याकडं शिरलंय. फलकावर पुढं दोघींच्या संभाव्य टकरीचा उल्लेख असेल, तर 'आकाशगंगा आणि देवयानी आकाशगंगा' लिहावं लागेल. पोरगं तिथंच अडखळेल.

मसाईपठार: लोक म्हणतात तो शब्द खोडायचा आणि कोशातला बसवायचा, हे मला पटत नाही. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. म्हणजे तोही शब्द नवा अर्थ चिकटवूनच वापरात आणला. मग 'तारकाविश्व' काय वाईट? वाचताक्षणी कळतं.

शुद्धमराठी: लांबट म्हणूनच तो बसतो. दुर्बिणीत देवयानी लांबटच दिसते. शिवाय देवयानीला शर्मिष्ठेने विहिरीत ढकललं आणि ययातीने वर काढलं. दीर्घिका शब्दाचं मूळ तिथंच असावं.

मास्तरीणबाई: ते नाही जमत, दादा. दीर्घिका हे सगळ्याच जातीचं नाव आहे, त्यातल्या कित्येक चेंडूसारख्या गोल आहेत. देवयानी लांबट दिसते ती आपल्याकडून सुमारे ७७ अंशांनी कललेली आहे म्हणून. समोरून पाहिली असती तर वाटोळी दिसली असती. विहिरीची कथा तारकासमूहाच्या नावाला मात्र लागू पडते. ग्रीक कथेत खडकाला बांधलेल्या ॲन्ड्रोमेडाला पर्सियस सोडवतो. आपल्याकडं पर्सियसच्या जागी ययाती. सिफियसचा झाला वृषपर्वा, कॅसिओपिया झाली शर्मिष्ठा. नाती जुळत नाहीत (ग्रीक कथेत कॅसिओपिया तिची आई), पण संकटातून सोडवणारा तेवढा बरोबर बसवलाय.

आता तेजोमेघ. मूळ प्रश्नातलं हेच खरं अवघड आहे. १७६४ च्या वाक्यात 'दीर्घिका' लिहिलं तर चूक, कारण मेसिएला ते ठाऊक नव्हतं. त्या काळी वायूचा ढग काय आणि दूरचा तारकासमुदाय काय, जे धूसर दिसेल ते सगळं नेब्युला. हा घोळ १९२३ च्या ऑक्टोबरात फुटला. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोच्या काचेवर खगोलशास्त्रज्ञ हबलला देवयानीत सेफीड जातीचा चल तारा सापडला. चमक किती दिवसांत कमीजास्त होते ते मोजलं की ताऱ्याचं मूळ तेज कळतं आणि त्यावरून अंतर. आकडा आला सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. सेफीड दोन प्रकारचे असतात हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून तो कमी पडला. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडेने ते दाखवल्यावर अंतर दुपटीवर गेलं. थोडक्यात, १९२३ आधीच्या वाक्यात तेजोमेघ, नंतरच्या वाक्यात दीर्घिका.

मसाईपठार: मग तेजोमेघ तरी कशाला? जुन्या पुस्तकांतला 'अभ्रिका' घ्या. ९६४ साली पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफीने देवयानीची नोंद 'लहान ढग' अशीच केली होती, आणि अभ्रिका म्हणजे अगदी तेच.

मास्तरीणबाई: अभ्रिका मलाही आवडतो, पण सातवीच्या पुस्तकाबाहेर पोरांना तो भेटणार कुठं? तारकाविश्वाला माझा विरोध 'विश्व' मुळं आहे. पुढच्याच फलकावर विश्वाचं प्रसरण आलं की गोंधळ ठरलेला.

उद्यमनगरी: 'सर्पिल' वर कुणीच बोललं नाही. काही ठिकाणी 'मळसूत्री दीर्घिका' छापतात, ते आधी थांबवा. मळसूत्र म्हणजे स्क्रू. त्याचे आटे दांड्याभोवती फिरत वर सरकतात. देवयानीच्या भुजा एका पातळीत आहेत. लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये आत स्क्रोल प्लेट असते, तिच्यावरचे आटे सपाट असतात, ते सर्पिल. त्यातही फरक आहे: स्क्रोलला दोन आट्यांतलं अंतर सगळीकडं सारखं लागतं, नाहीतर जबडे अडकतील. दीर्घिकेच्या भुजांतलं अंतर बाहेर जाताना वाढत जातं.

शुद्धमराठी: मळसूत्री बाद, मान्य. पण सर्पिलही नागमोडीकडं झुकतो. 'चक्राकार' घ्या.

उद्यमनगरी: चक्राकार म्हणजे बंद वर्तुळ. भुजा बंद होत नाहीत.

मास्तरीणबाई: देवयानीत गोल कडंही आहे. केंद्रापासून सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षांवर धूळ आणि नव्या ताऱ्यांचं ठळक कडं, अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रात भुजांपेक्षा तेच आधी डोळ्यात भरतं. तरी वर्गीकरणात ती सर्पिलच.

फलकावर वेग टाकणार असाल तर सांभाळून. 'दर सेकंदाला ३०० किलोमीटरने जवळ येतेय' हा आकडा सूर्याच्या मानाने आहे, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने १९१२ मध्ये वर्णपटावरून काढलेला. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतोय, तो वेग वजा केला की उरतात साधारण ११०. टकरीसाठी हा दुसरा आकडा घ्यायचा, आणि 'टक्कर होणारच' असं लिहू नका. नव्या गणितांत ती खात्री राहिलेली नाही.

रंकाळाकाठ: वेगाचं बदलतो. पण दीर्घिका ठेवू की आकाशगंगा?

मसाईपठार: पोरांना आधी देवयानी दाखवा, मग शब्द आपोआप बसेल. कोल्हापूरहून ती उत्तरेला सुमारे ६५ अंश उंच चढते. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊ-पावणेदहाला, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेआठच्या आसपास. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून बघाल तर शहराचा उजेड आग्नेयेला, पाठीमागं राहतो. भाद्रपदा चौकोनाचा ईशान्येचा तारा धरा, तिथून देवयानीच्या ओळीत दुसरा ठळक तारा मिराख. तिथं काटकोनात शर्मिष्ठेकडं वळा, दोन मंद तारे लागतील, दुसऱ्याच्या अगदी शेजारी धूसर डाग. १० बाय ५० ची द्विनेत्री पुरे.

उद्यमनगरी: मोठी दुर्बीण लावली तर जास्त दिसेल ना?

मसाईपठार: उलट होतं. पूर्ण देवयानी तीन अंश लांब, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीत. शंभर पट मोठं करणाऱ्या भिंगात अर्ध्या-पाऊण अंशाचंच आकाश मावतं, म्हणून नुसता मधला गाभा दिसतो आणि पोरं विचारतात, भुजा कुठायत? वाढ तीस पटीच्या आत ठेवा. भुजा डोळ्याला तरीही दिसणार नाहीत, त्या लांब एक्स्पोजरच्या फोटोतच उमटतात, हे आधी सांगून ठेवा. आणि अंधारात वीस मिनिटं मोबाइल बंद.