शब्दचर्चा : पोटातली 'मंद लहर' आणि औषधं

बोरूवाला :
औषधशास्त्राच्या एका टिपणाचं मराठी करतोय आणि 'स्लो वेव्ह'पाशी गाडी अडकलीये. जठराच्या स्नायूत विजेची लहर सतत चालू असते, मिनिटाला साधारण 3, म्हणजे 20 सेकंदाला एक. मी 'मंद लहर' लिहिलं तर आई वाचून म्हणते, म्हणजे अग्नी मंद झालाय का? बोंबला!

साखरभात :
'संथ लहर' करा की. नाहीतर 'विलंबित'.

गोळीबंद :
नको हो. इथे 'स्लो' म्हणजे स्पाइकच्या, म्हणजे विजेच्या झटपट उसळीच्या, मानाने व्होल्टेज सावकाश चढतं-उतरतं एवढंच, मिनिटाला किती लहरी त्याच्याशी संबंध नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीला त्याच लहरी मिनिटाला 12च्या आसपास असतात. आणि जठरात 4च्या वर गेल्या की टॅकीगॅस्ट्रिया, तिथे काय 'द्रुत विलंबित' लिहिणार? सरळ 'जठरलहर' म्हणा.
पण खरी गोची पुढेच आहे, 'औषधाने पोटाची हालचाल मंदावते' हे वाक्य तुमच्या टिपणात असणारच. अ‍ॅट्रोपिन दिलं की आकुंचनं ढिली पडतात पण लहर बऱ्यापैकी तशीच 3 ने चालू राहते. निफेडिपिनचंही तेच, ते स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतं, म्हणजे स्नायू आवळत नाही, पण लहर येतच असते. उलट एरिथ्रोमायसिन, हो तेच घशाला देतात ते, मोटिलिन या आतड्यातल्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवर बसून जोरदार आकुंचनं आणतं, म्हणून तर ती गोळी घेतली की कित्येकांच्या पोटात कळ येते. ग्लुकॅगॉन हे संप्रेरक टोचलं तर मात्र लहरीचा तालच बिघडू शकतो. या सगळ्याला एकच 'हालचाल' कशी पुरणार?

साखरभात :
अरे मग हा लेहराच झाला! पेटीवाला तेच आवर्तन धरून बसलेला असतो, तबलजी वाजवो नाहीतर हात पुसत बसो. अ‍ॅट्रोपिनने तबला गप्प, लेहरा चालू. ग्लुकॅगॉनने पेटीवालाच भरकटला.

बोरूवाला :
वा, हे आईलाही कळेल! टिपणात 'लेहरा' घालता येणार नाही, पण 'लहर' आणि 'आकुंचन' आता कुठेच एकत्र करणार नाही. 'अ‍ॅट्रोपिनने आकुंचनं क्षीण होतात, जठरलहर टिकते', चालेल?

गोळीबंद :
पळेल.

उंबरठा :
मी मधेच. टॅकीगॅस्ट्रियाला 'ढवळणं' म्हणता येईल का? आमच्याकडे पोटात ढवळतंय म्हणतात ते हेच ना?

गोळीबंद :
ढवळतंय हे पेशंट सांगतो, ताल बिघडलाय हे पोटावर इलेक्ट्रोड लावून दिसतं. दोन्ही बरेचदा बरोबर येतात, पण लक्षणाचं नाव आलेखाला देऊ नका.

बोरूवाला :
शेवटचं एक. ही लहर काढणाऱ्या पेसमेकर पेशी ज्यांच्या नावाने आहेत ते कजाल की काहाल?

गोळीबंद :
काहाल, स्पॅनिश माणूस, 1906चं नोबेल. 'कजाल' लिहिलंत तर लोक काजळ वाचतील.