मदत हवी आहे : जासूद (म्हणजे पत्रं नेणारे निरोपे) आणि त्यांची पत्रं

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी जुन्या काळच्या टपालावर एक छोटं प्रदर्शन करतेय. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने चौदाव्या शतकातल्या हिंदुस्थानातले पायी हरकारे फार सुंदर टिपलेत : एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा लावलेली काठी, आणि मैलामैलात तीन चौक्या. घंटा ऐकू आली की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून तयारच! मुलं यावर जाम खूश आहेत. आता गाडी पेशवाईवर आलीये. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि तिची बातमी नानासाहेब पेशव्यांना उत्तरेकडे जाताना वाटेत एका सावकारी पत्रातून कळली, तीही सांकेतिक भाषेत. सरकारी जासुदांआधी सावकारांची पत्रं कशी पोचायची, हे मला मुलांना नीट सांगायचंय.

तर जाणकारांनो, जासूद आणि सांडणीस्वार (उंटावरून पत्रं नेणारे) मजल दरमजल बदलत, की एकच माणूस शेवटपर्यंत जाई? पेशवे दप्तरातल्या अशा पत्रांच्या नकला पुरालेखागारातून मिळवायला अर्ज कसा करायचा? आणि पुण्यात कुणी मोडी वाचणारं तासभर मुलांशी बोलायला येईल का? रविवार सकाळ चालेल. प्लीज कळवा.