तातडीची मदत: रत्नागिरीत गेमिंगसाठी कुठला नेट प्लॅन घेऊ?

हेडशॉट_रत्नांग्री
मंडळी, पटकन सांगा. सध्या १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि लॅग असा की समोरचा मला मारून निघून जातो, मग मला तो दिसतो. ३०० चा घेऊ की थेट ५०० चा? कंपनीवाला म्हणतो ३०० घ्या, प्रश्न सुटेल. बजेट महिना हजारपर्यंत. रविवारी मॅच आहे, टीमवाले दुसरा माणूस बघायच्या तयारीत आहेत. लेक्चर नको, प्लॅन सांगा.

नाचणे_रोड
कुठला गेम? पीसी की मोबाईल? केबल की वायफाय? पिंग किती? घरात अजून कोण नेट वापरतं?

हेडशॉट_रत्नांग्री
व्हॅलोरंट. पीसीच असणार ना! पिंग कधी २०, कधी २००. थिबा पॅलेसच्या बाजूला राहतो. आता प्लॅन सांगा.

साळवी_स्टॉप
डोळे मिटून लोकल केबलवाला घे. आधी मी एका मोठ्या कंपनीचं वापरत होतो. नाव घेत नाही, उगाच वाद नको. तिथे फोन केला की तक्रार क्रमांक मिळायचा, माणूस चौथ्या दिवशी. आमचा केबलवाला फोन ठेवायच्या आत खांबावर चढलेला असतो.

नाचणे_रोड
चढणारच, रोज सराव आहे त्याला. तुमच्याकडे लाईट गेली की नेट जातं का?

साळवी_स्टॉप
लाईट गेल्यावर सगळ्यांचंच जातं.

नाचणे_रोड
सगळ्यांचं नाही जात. खऱ्या फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या वायरीत, एक्स्चेंजपासून घरापर्यंत मध्ये कुठे वीज लागत नाही, खांबावरचा स्प्लिटर (एका वायरीच्या अनेक वाटा करणारा) नुसता काचेचा खेळ असतो. घरातला बॉक्स इन्व्हर्टरवर असला की चालू राहतं. काही केबलवाले मात्र मध्ये कुणाच्या तरी गच्चीवर स्विच, म्हणजे घरोघरी नेट वाटणारा विजेवरचा डबा, ठेवतात आणि तिथून तांब्याची वायर घरात आणतात. त्या गच्चीवरची लाईट गेली की अख्खी आळी बंद.

साळवी_स्टॉप
सगळे केबलवाले तसे नसतात. आमच्याकडे काचेची वायर थेट घरात आली आहे.

कुडाळचो_झील
आमच्याकडे पावसात लायटीचोच पत्तो नसता, तुमी पिंगाचा काय घेवन बसलास! आधी राऊटराक बारा वोल्टाचो बारको युपीएस लाव. माझो तीन तास चलता. २०२१ च्या तौक्तेत मात्र तोय हरलो, कित्येक दिस लाईटच नाय. तेवा पत्ते खेळलव. पत्त्यात लॅग नसता.

माळनाका_काका
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ऑनलाइन गेमिंग बंद केलं ना? मग हा प्लॅन कशाला?

नाचणे_रोड
काका, तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. ई-स्पोर्ट्स त्यातून वगळलेत. हा पोरगा पैसे लावत नाही, नुसता मरतोय.

माळनाका_काका
असं होय. बरं, आमच्याकडे आयपीएल बघताना चित्र गोल गोल फिरत राहतं, त्यावर काही उपाय?

जांभा_चिरा
काका, तुमचं नंतर बघू. हेडशॉट, स्पीड आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी. स्पीड म्हणजे पाइप किती जाड, पिंग म्हणजे निरोप जाऊन यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. गेम फार डेटा खात नाही, त्याला १० एमबीपीएस पुरतात. ३०० चा फायदा अपडेट उतरवताना: ३० जीबी १०० वर साधारण ४० मिनिटांत येतं, ३०० वर १३-१४ मिनिटांत. बंदुकीला त्याचा काही उपयोग नाही.
व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. रत्नागिरीहून मुंबईला प्रकाश काचेतून जाऊन यायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. मधली यंत्रं धरून मला १४ ते १८ मिळतो. तुलाही मधूनमधून २० मिळतोय, म्हणजे लाइन ठीक दिसते. २०० कुठून येतो ते शोध. कमांड प्रॉम्प्ट उघड आणि घरातल्या राऊटरलाच पिंग मार. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१, नाहीतर बॉक्सच्या स्टिकरवर बघ. आणि नाचणे_रोडने विचारलेल्या केबल-वायफायचं उत्तर अजून आलेलं नाही.

हेडशॉट_रत्नांग्री
मारला. ३, ४, १४६, २, ९१, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट. वायफायच आहे. राऊटर खाली ओटीवर, पीसी माडीवर. मध्ये दोन भिंती, चिऱ्याच्या.

नाचणे_रोड
हे आत्ता सांगतोस?

हेडशॉट_रत्नांग्री
रत्नागिरीत घर चिऱ्याचं नसणार तर कशाचं असणार?

जांभा_चिरा
मग सापडलं. घरातल्या घरात १४६ लागतात, यात मुंबईचा काय दोष! ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एवढ्या जाड दोन भिंतींत दम तोडतं. २.४ कसंबसं पोचतं, पण त्यावर शेजाऱ्यांची गर्दी. ५०० चा प्लॅन घेतलास तरी भिंती त्याच.
लॅन केबल टाक, कॅट ६, जिन्याच्या कडेने. खिडकीतून बाहेर काढून भिंतीवरून वर नेऊ नकोस. गेल्या वळवाच्या पावसात बाहेरच्या तांब्याच्या वायरीतून वीज आली आणि माझ्या पीसीचं लॅन पोर्ट आणि राऊटर दोन्ही गेले. पीसी वाचला म्हणून आज इथे लिहितोय.

साळवी_स्टॉप
त्यापेक्षा फायबरचा बॉक्सच माडीवर न्यायला सांग. काचेच्या वायरीला विजेची भीती नाही. केबलवाला दोनशे रुपयांत करून देईल.

नाचणे_रोड
साळवी_स्टॉप, आज पहिल्यांदा पटलं.

हेडशॉट_रत्नांग्री
बॉक्स हलवता येणार नाही. बाबांचा टीव्ही त्याच्याच खाली आहे, संध्याकाळी सात ते दहा मालिका.

जांभा_चिरा
सात ते दहा तूही खेळत असशील ना? तेव्हा घरात कोणाच्या फोनमधून फोटोंचा बॅकअप तर चालू नसतो? अपलोडचा पाइप भरला की केबल असूनही पिंग उडतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) मिळालं तर पीसीला पहिला नंबर दे.

कुडाळचो_झील
बाबांका गेम शिकव. दोगांची मॅच लाव.

हेडशॉट_रत्नांग्री
(शनिवारी रात्री) १५ मीटर केबल आणली, जिन्यावरून वर नेली. पिंग १६, हलत नाही. आई दोनदा अडखळली, म्हणते सकाळी गुंडाळून ठेव, तुळशीला पाणी घालायचा रस्ता तोच आहे. बॅकअप बहिणीच्या फोनमधून चालला होता, तो रात्री दोनला लावून दिला.
३०० चा प्लॅन तरीही घेतला. त्यात बाबांना ओटीटी फुकट मिळतंय.

माळनाका_काका
ते ओटीटी कुठल्या प्लॅनमध्ये आहे? त्यात आयपीएल दिसतं का?