बगदादचा एक चौक, दोन चित्रे: दूरचित्रवाणीच्या बातम्या आपली दृष्टी घडवतात का?

सुमेधा_पुणे
एखाद्या देशातील माणसाला जग कसे दिसते, हे त्याच्या बातम्यांचा कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे यावर फार अवलंबून असते, असे माझे मत आहे. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकी वाहिन्यांचे अनेक वार्ताहर लष्करी तुकड्यांबरोबरच प्रवास करत होते, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला युद्ध सैनिकाच्या खांद्यावरून दिसले. १९९६ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे सुरू झालेली अरबी वृत्तवाहिनी अल जझीरा त्याच दिवसांत बगदादच्या रुग्णालयांतील जखमी मुले दाखवत होती. ९ एप्रिलला फिरदौस चौकातील सद्दामचा पुतळा पाडला गेला, तेव्हा जवळून टिपलेल्या दृश्यांत पडदाभर जल्लोष होता. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांत मात्र चौकाचा बराच भाग रिकामा होता. पुतळ्याच्या चेहऱ्यावर एका सैनिकाने काही क्षण टाकलेला अमेरिकी ध्वज अरब घरांत किती सलला असेल, हे अमेरिकेतील प्रेक्षकाला उमगणे अवघडच होते.

केशव_वाचक
सुमेधाताई, आपण परिणामालाच कारण मानत आहात, असे मला वाटते. ११ सप्टेंबर २००१ नंतरचे भय आणि संताप लोकांच्या मनात आधीच होते, वाहिन्यांनी त्यांना चित्रे पुरवली. फेब्रुवारी १९६८ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी व्हिएतनाम युद्ध कोंडीत अडकले आहे असे सरकारच्या दाव्यांविरुद्ध जाऊन सांगितले, तेव्हाही त्या युद्धाविषयीची शंका समाजात वाढू लागलीच होती. प्रेक्षक म्हणजे मातीचा गोळा नव्हे.

सुमेधा_पुणे
क्रॉन्काइट तसे बोलू शकले, कारण तिथे बोलण्याची मोकळीक होती. रशियात मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सरकारी वाहिन्या युक्रेनवरील आक्रमणाला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणतात. युक्रेनमधील कित्येकांनी रशियातील आईवडिलांना फोन करून आपल्या शहरावर बॉम्ब पडत असल्याचे सांगितले, तरी त्यांना पोटच्या मुलांपेक्षा टीव्हीवरचे निवेदन खरे वाटले. केशवराव, हा अविश्वास त्या आईवडिलांच्या मनात आधीपासून होता, असे आपण म्हणाल का?

केशव_वाचक
नाही, तसे म्हणवणार नाही, आणि हा दाखला मला अस्वस्थ करतो. तरीही तो दोष दुसरा आवाज बंद करणाऱ्या सत्तेचा आहे. जिथे दहा वाहिन्या उपलब्ध आहेत, तिथे माणूस आपल्या मताची वाहिनी स्वतःच निवडतो.

दोहेकर
मी नोकरीनिमित्त दोह्यात राहतो, म्हणून दोघांनाही एक सांगावेसे वाटते. अल जझीराचा खर्च कतार सरकार उचलते, आणि इतर अरब सत्ताधीशांवर ती जितकी कठोर टीका करते तितकी इथल्या राजघराण्यावर करत नाही. केशवराव, दहा वाहिन्या असल्या तरी परदेशातील दृश्ये पुष्कळदा रॉयटर्स किंवा एपी या वृत्तसंस्थांकडूनच आलेली असतात. मराठी बातमीपत्रांनाही परदेशी घडामोडींसाठी बहुतांशी त्यांच्यावरच विसंबावे लागते. चित्र तेच राहते आणि त्याखालचे शब्द बदलतात. सीमा ओलांडून आलेल्या त्याच माणसाला एक निवेदक ‘निर्वासित’ म्हणतो, दुसरा ‘घुसखोर’.