मदत हवी आहे : 'झॅप! ६४' मासिकावरील स्मरणग्रंथासाठी लोकवर्गणी

कमोडोर ६४ या संगणकावरील खेळांना वाहिलेल्या 'झॅप! ६४' या ब्रिटिश मासिकाचा पहिला अंक मे १९८५ चा होता. या मासिकावर स्मरणग्रंथ काढावा आणि त्याचा खर्च किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून उभा करावा, असा आमचा विचार आहे. परीक्षकांच्या रेखाचित्रांसह छापलेली त्यांची परस्परविरोधी मते आणि चित्रकार ऑलिव्हर फ्रे यांची मुखपृष्ठे यांमुळे हे मासिक मला आजही अतिशय प्रिय आहे.

खरी अडचण जुने लेख व चित्रे पुन्हा छापण्याच्या हक्कांची (कॉपीराइटची) आहे. ब्रिटिश कायद्यानुसार नोकरीत केलेल्या लेखनाचा हक्क सहसा मालकाकडे जातो, परंतु मुक्त लेखकाने वा चित्रकाराने तो लेखी हस्तांतरित केला नसेल तर त्याच्याकडेच, आणि मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांकडे, राहतो. शिवाय न्यूजफील्ड ही मूळ प्रकाशनसंस्था १९९१ मध्ये बंद पडली. अशा वेळी परवानगी नेमकी कोणाकडे मागावी?

किकस्टार्टरवर उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर काहीच रक्कम मिळत नाही, आणि झाले तर ५ टक्के शुल्क व पैशांच्या देवघेवीचे प्रक्रिया-शुल्क कापले जाते. जाडजूड ग्रंथाचा टपालखर्च उद्दिष्टातच धरावा की नंतर वेगळा घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.