मदत हवी आहे: मामाची मुलगी चालते, मग आत्याची का नाही?

नमस्कार मंडळी. एमएच्या प्रकल्पासाठी आते-मामे भावंडांच्या लग्नांवर लिहितेय. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त नोंदवलंय की महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मात्र टाळतात. दक्षिणेत दोन्ही चालतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ही नाती निषिद्ध आहेत, पण रूढी असेल तर सूट मिळते. (रूढीचा पुरावा म्हणून कोर्टात लोक काय दाखवत असतील, देव जाणे!)

तुमच्याकडे आजी-आजोबांच्या पिढीत काय चालायचं? आणि मुख्य म्हणजे, आत्याची मुलगी नको म्हणताना घरचे कारण काय सांगायचे? जिल्हा आणि पिढी तेवढी लिहा, नावं नकोत. कोकण-विदर्भातलं कुणी सांगितलं तर फारच बरं, सोलापूर-कोल्हापूरकडचं बरंच जमलंय.